रजिस्टर क्रमांक दोन

पहिल्या रजिस्टरात वॅगनी. किती घड, किती वजन,
दिल्लीपर्यंत किती काळे पडतील त्याचा अंदाज.
दुसऱ्यात फुटबॉल.
दोन्ही मीच लिहायचो, सावदा स्टेशनच्या मालधक्क्यावर,
एकाच गळक्या पेनने.

जहाजावर नोकरीला असलेला डिमेलो गार्डचा भाचा
ब्याऐंशीच्या मे महिन्यात एक पुस्तिका देऊन गेला.
कॅरिबियन बेट. नाव आम्ही तीन तऱ्हांनी लिहिलं,
तिन्ही चूक असतील.
तिथल्या एका क्लबाचा पन्नास वर्षांचा इतिहास,
पानं अठ्ठेचाळीस, पिना गंजलेल्या.

डिक्शनरी घेऊन बसलो. रोज एक पान.
भाकरीच्या सुट्टीत हमाल विचारायचे,
"काय भो, कुठी पोहोचले तुमचे ते लोकं?"
मी सांगायचो, एकतीस साल. बूट नाहीत,
चेंडू बंदरावरच्या साहेबाचा,
साहेब जेवायला गेला की खेळ बंद.
एकोणचाळीस. गोदामामागे स्वतःचं मैदान.
एक्कावन्न. चक्रीवादळ, गोलचे खांब समुद्रात.
इथे येनू झोपेचा घास थांबला.
त्याच्या बागेतली दोन हजार खोडं
आदल्या जूनमध्ये अर्ध्या तासात आडवी झाली होती.
"खांब तरी घावले का त्यांना?"
पुस्तिकेत नव्हतं.

बाविसाव्या पानावर फोटो.
अकरा जण, दोन रांगा, मागे लाटा किंवा छपाईचा दोष.
बनियनांवर काळे डाग,
उजव्या खांद्यावर जास्त.
मी चष्मा पुसला.
पुस्तिका धक्काभर फिरली, कोणी काही बोललं नाही.
रुबाब तडवीने आपला सदरा खांद्यावरून पुढे ओढला
आणि फोटोशेजारी धरला.

केळीचा चीक.
रॉकेलने जात नाही, लिंबाने जात नाही,
सदरा विरून जातो, डाग राहतो.
फोटोखाली नुसतं 'गोदी कामगार' छापलेलं.
काय उचलायचे, ते लिहिलं नव्हतं.
आम्हाला कशाला लागतंय.

'एकसष्ट साली क्लब व्यावसायिक झाला.'
या वाक्यात आमचा आठवडा गेला.
खेळायचे पैसे हमालीहून वेगळे, की त्यातच धरून?
हरलं तर कापतात?
पाय मोडला तर दिवस भरतो का?
शेवटी ठरलं, आपणही व्हायचं.
वर्गणी जमली एकवीस रुपये.
दहाचा ब्लॅडर आला,
उरलेल्यात एकच माणूस परवडत होता.
पान सत्तावीस : रुबाब तडवी, गोलकीपर,
पगार रुपये अकरा, निशाणी अंगठा.

रविवारी भुसावळला, लोको शेडविरुद्ध,
आमच्या पगारी माणसाने पाच गोल खाल्ले.
परतीच्या पॅसेंजरमध्ये तो दाराशी उभा,
बसायला जागा असून.
सोमवारी अकरा रुपये परत घेऊन आला.
मी घेतले नाहीत. म्हटलं, अठ्ठेचाळीस पानांत
पगार परत केल्याची नोंद कुठे नाही,
आपण नवी पद्धत कशाला पाडायची?

मग ट्रक आले, खोकी आली.
आता घड खांद्यावर चढत नाही,
फण्या कापून, धुऊन प्लास्टिकच्या क्रेटमध्ये जातात.
सत्त्याऐंशीत अकरा जण जमेनात.
रजिस्टराची निम्मी पानं कोरी राहिली,
नातवाने त्यावर पाढे लिहिले,
तेराचा चुकलाय.

तिकडचा क्लब आहे की बुडाला, कळायला मार्ग नाही.
एक पत्र मात्र टाकलं होतं तेव्हा,
पुस्तिकेच्या पाठीवरच्या पत्त्यावर,
सव्वातीन रुपयांची तिकिटं लावून.
स्वतःची ओळख दोन ओळी, लोको शेडचा स्कोअर गाळून.
मग विचारलं होतं, तुमच्याकडे डाग कशाने काढतात?
आणि खाली, येनू टेबलाशी उभाच राहिला म्हणून,
ता. क., खांब सापडले का?